पत्त्याच्या रकान्यात 'खांब ३१' चालेल का?

मा. शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

सा. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, गुजराती नक्कल सोबत जोडली आहे. दोन्ही माझ्याच हातची. आमच्या दांडिया बाजारात बोलायला दोन्ही भाषा सारख्या येतात, लिहायला बसलं की एक लंगडते. तेवढं सांभाळून घ्या.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून बडोद्यातल्याच एका मराठी शाळेत आठवड्यातून दोनदा, मधल्या सुट्टीनंतर, चौथीच्या वर्गाला गोष्ट सांगायला जायचे. जायचे म्हणते, कारण आता जात नाही. शाळेचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नाहीत आणि पट घटत चाललेल्या मराठी शाळेला आणखी एक घाव मला घालायचा नाही. पट टिकवायचा म्हणून ती शाळा दारात आलेल्या कुणालाच परत पाठवत नाही. त्यामुळे एकाच बाकावर सोसायटीतला मुलगा आणि उड्डाणपुलाखालची मुलगी शेजारी बसतात. असा बाक मोठमोठ्या फीच्या शाळांना पैसे मोजूनही मिळणार नाही.

पहिल्या दिवशी मी मुलांना 'माझं घर' काढायला सांगितलं. इतक्या वर्षांत हे चित्र बदललेलं मी पाहिलं नाही. दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, कौलारू घर, शेजारी नारळ, दारातून निघालेली नागमोडी वाट. बडोद्यात डोंगर बघायचा तर पावागढला जावं लागतं, तरी प्रत्येकाच्या घरामागे डोंगर. त्या मुलीनंही हेच काढलं, फक्त भिंतीवर लाल खडूनं मोठा ३१ लिहिला. मी विचारलं, "घर नंबर का गं?" तर म्हणाली, "नाही बाई, खांब नंबर."

तिचे आईवडील नंदुरबारकडचे. सकाळी कडियानाक्यावर, म्हणजे रोजंदारीच्या मजुरांच्या नाक्यावर, उभे राहतात, काम मिळालं तर मिळालं. रात्री पुलाखाली, एकतीस नंबरच्या खांबाला टेकून संसार.

त्या आठवड्यात मी एक अमेरिकन चित्रगोष्ट मराठीत सांगितली. ईव्ह बंटिंग या लेखिकेचं 'फ्लाय अवे होम', १९९१ सालचं. एक लहान मुलगा आणि त्याचा बाप विमानतळावर राहतात. घर नाही म्हणून. युक्ती एकच, कुणाच्या नजरेत भरायचं नाही. अंगावर निळे कपडे, सामानाची पिशवीही निळी, म्हणजे गर्दीत मिसळून जाता येतं. झोपायचं बसल्या बसल्या, आणि रोज एकाच जागी नाही. काचेच्या त्या इमारतीत एक पाखरूही अडकलेलं असतं. आधी वाटलं, विमानतळाच्या जागी आपला एसटी डेपो घालावा, मुलांना जवळचा वाटेल. मग म्हटलं नको, गोष्ट आहे तशीच राहू दे.

गोष्ट अर्ध्यावर आली तेव्हा तिनं हात वर केला. "बाई, त्यांना कुणी हाकललं नाही?"

मी म्हटलं, "म्हणून तर ते लपून राहतात."

"हां," ती म्हणाली, एखाद्या जाणत्या बाईसारखी. "आम्ही पण रात्री दहानंतरच पथारी टाकतो. आणि चपला उशाला घ्यायच्या. नाहीतर कुत्रं नेतं."

वर्ग एकदम तिच्याकडे वळला. त्या दिवशी उरलेली गोष्ट मी सांगितलीच नाही. पाऊस आला की काय करता, चूल कुठे, अभ्यास कसा दिसतो, सगळे तिलाच विचारत होते. अभ्यासाला पुलाखालच्या दिव्याचा उजेड पुरतो म्हणाली, डास मात्र फार. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, २०२४च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा आम्हीपण तीन रात्री मामाकडे झोपलो होतो, आमचा फ्रीज गेला. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "आम्ही पुलावर चढलो होतो. वर सगळ्यांच्या गाड्या होत्या."

दोन दिवसांनी मला मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. एका पालकाची तक्रार होती. मुलगा घरी जाऊन विचारत होता, आपलं घर गेलं तर आपण कुठल्या खांबाला राहायचं? पालकांचं म्हणणं, असलं रडकं, निगेटिव्ह मुलांना कशाला? मुख्याध्यापक ओशाळून म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी पंचतंत्र घ्या ना."

साहेब, त्या पालकांच्या घरी मी एकदा हळदीकुंकवाला गेले आहे. शोकेसमध्ये 'श्यामची आई' आहे, मुलाच्या मुंजीत आलेली. साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहून काढलेलं ते पुस्तक आहे कशाचं? भाऊबंदकीत घराबाहेर पडावं लागलेल्या, कर्जात बुडालेल्या, जप्तीची दवंडी दारात वाजलेल्या कुटुंबाचं. म्हणजे आपल्या बालसाहित्यातलं सर्वांत लाडकं पुस्तक घर जाण्याचंच आहे. फरक एवढाच की श्यामची गरिबी कोकणातली, जुनी आणि आपल्यातली. ती संस्कार ठरते. एकतीस नंबरच्या खांबाची गरिबी आजची आणि सिग्नलवरची. ती निगेटिव्ह ठरते.

शाळांच्या कपाटांत बेघर मूल अजिबात नसतं असं नाही. असतं, पण ठरलेल्या कामाला. दिवाळीत बंगल्यातली चिनू त्याला जुना स्वेटर देते, तो "ताई, तू किती चांगली" म्हणतो आणि गोष्ट संपते. नाहीतर तो पाकीट सापडून परत करतो, मग साहेब त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलतात. अशा गोष्टी मीही वर्षानुवर्षं सांगितल्या, त्याची आता लाज वाटते. त्यांत स्वेटर देणारीला नाव असतं, घेणाऱ्याला 'एक गरीब मुलगा' म्हणतात. तो रागावत नाही, खोड्या करत नाही, त्याचं आईशी भांडण होत नाही. प्रेमचंदांच्या 'ईदगाह' गोष्टीतला हमीद बघा. खिशात तीन पैसे, जत्रेत खेळणी आणि मिठाई, आणि तो घेतो आजीसाठी चिमटा. वर त्या चिमट्यापुढे सगळ्यांची खेळणी कशी फिकी, हे मित्रांना ऐटीत पटवूनही देतो. त्याला कुणाची दया लागत नाही.

परदेशातलं सगळं चांगलं असंही माझं म्हणणं नाही. पॅरिसमध्ये सेन नदीच्या पुलाखाली राहणाऱ्या तीन भावंडांची नॅटली सॅव्हेज कार्लसन यांची १९५८ची कादंबरी आहे. पुलाखालचा एक म्हातारा भटक्या त्यांना जीव लावतो. वाचायला फार गोड, पण शेवटी नोकरी आणि खोली जरा घाईनंच मिळते. माझ्या चौथीला मी ती सांगितली असती, तर त्या मुलीनं नक्की विचारलं असतं, "बाई, डिपॉझिट कोणी भरलं?"

आता बडोद्याबद्दल. आपल्याला हे ठाऊक असेलच, तरी लिहिते. कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळराव १८७५ साली वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक येऊन इथे सयाजीराव झाला. आला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच महाराजांनी १८९३मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. १९१०मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना आणलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांसाठी वेगळी खोली होती. खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. गावानं वाचायच्या, परत पाठवायच्या, बदल्यात दुसरी पेटी यायची. मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला निघाली. आज पुलाखाली जाणाऱ्या एका पेटीचा विचार करायला आपल्याला परदेशी तज्ज्ञ बोलवावा लागणार नाही.

आणि याच संस्थानात १९१७ साली काय झालं, तेही मुलांना सांगायला हवं. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेले सव्वीस वर्षांचे भीमराव आंबेडकर इथे नोकरीला आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचं भासवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांकडूनही मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. कमाटी बाग म्हणजे आपली सयाजीबाग. आम्ही दर वर्षी मुलांना तिथे सहलीला नेतो, छोट्या आगगाडीत बसवतो, वाघ दाखवतो, शेंगा खायला देतो. आंबेडकरांच्या त्या दिवसाची आठवण म्हणून तिथेच असलेल्या संकल्पभूमीपाशी मात्र रांग थांबत नाही, कारण "उशीर होतोय". चौथी-पाचवीच्या वाचनमालेत एक धडा फक्त त्या पाच तासांचा असावा. हातात बोजा घेऊन झाडाखाली बसलेला, कुठे जावं ते न कळणारा एक शिकलेला माणूस. मुलं त्यातून जातीबद्दल विचारतील, घराबद्दल विचारतील. विचारू देत.

२०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. फूटपाथ, उड्डाणपूल, जिने, फलाट, देवळांचे मंडप, ह्यूम पाइप म्हणजे सिमेंटचे मोठे नळ, अशा सगळ्या जागा सरकारनंच यादीत लिहिल्या होत्या. देशभरात १७.७ लाख माणसं भरली. त्यांत मुलं होतीच. ह्यूम पाइप शब्द जनगणनेच्या फॉर्मात चालतो, तर मुलांच्या गोष्टीत का चालू नये?

माझं मागणं फार खर्चाचं नाही. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये मिळतात. पुस्तकांची निवड होताना त्यांत घर नसलेल्या, भाड्याच्या खोलीतून निघावं लागलेल्या, हंगामी मजुरीवर फिरणाऱ्या कुटुंबांच्या गोष्टी असाव्यात. गुजरातीत, मराठीत, आणि दाहोद-छोटाउदेपूरकडून येणाऱ्या मुलांसाठी भिलीतही. आपल्याकडच्या लेखकांकडून लिहून घ्या, बाहेरच्या चांगल्या असतील त्यांचे अनुवाद करा. आणि छापण्याआधी त्या अशा एखाद्या वर्गात वाचून दाखवा, जिथे ते जगणं माहीत असलेलं एक तरी मूल बसलं आहे. 'चपला उशाला' हे कुठल्याही तज्ज्ञ समितीला सुचणार नाही.

आणखी एक, आणि हे आपण एका सहीनं करू शकता.

तक्रारीनंतर माझं वर्गात जाणं थांबलं. मुलगी मात्र शाळा सुटली की माझ्या ओट्यावर येऊन बसू लागली. पुस्तकं उलटीपालटी करायची, चित्रांवरून स्वतःच्याच गोष्टी रचायची, माझ्याकडून शेव-उसळ खायची. म्हणून मी तिला शहरातल्या एका वाचनालयात बालसभासद करायला नेलं. फॉर्म मी भरला. नाव, इयत्ता, शाळा. मग आला पत्त्याचा रकाना आणि खाली बारीक अक्षरात 'पत्त्याचा पुरावा जोडणे'. माझा पत्ता घालू का, असं मी तिला हळूच विचारलं. ती म्हणाली, "पण मी तिथे राहत नाही ना." पेन घेतलं आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: खांब ३१. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. त्यांचाही दोष नाही, नियम त्यांनी केलेला नाही.

होळीला ते सगळे गावी गेले. पुन्हा येतील तेव्हा याच पुलाला येतील की दुसऱ्या, सांगता येत नाही. तो फॉर्म मी ठेवून दिला आहे, त्याची झेरॉक्स या पत्राला जोडते. सरकारी वाचनालयांत चौदा वर्षांखालच्या मुलांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय सभासद करावं, शाळेचं पत्र पुरावं, आणि रकान्यात मूल जे लिहील ते ग्राह्य धरावं, एवढं एक परिपत्रक काढा. पावसाळ्यानंतर कामं सुरू होतात तेव्हा ती बहुधा परत येईल. त्याच्या आत निघालं तर बरं.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा