बॅग आली नाही तर कागद दिल्याशिवाय माणसाला बाहेर पाठवू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात विमानतळाची बातमी येते ती नवीन विमान सुरू झाल्याची, नाहीतर धावपट्टी वाढवायची अन् त्यात कुणाच्या जमिनी जाणार त्याची. पण विमानातनं उतरलेल्या माणसाची बॅगच आली नाही तर त्यानं पुढं काय करायचं, यावर आपल्या भागात कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र लिहायलोय. थोडं लांबलंय, पण शक्यतो कापू नका ही विनंती.

आपल्याकडनं आता विमानानं कोण जायलंय ते बघा. जालना, परभणी, बीड, हिंगोलीची लेकरं पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागली, तिथनं बाहेरदेशी गेली, अन् त्यांचे आईबाप लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला म्हणून तिकडं जातात, कुणी उमऱ्याला जातं, नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातनं माणसं येतात. यातले कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेले असतात. देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला जाताना बॅग सीटखाली असते, साखळी लावली की झालं. विमानात ती काउंटरवर द्यावी लागते अन् मग ती कुठं जाते, कोण बघतं, हे त्या माणसाला काहीच माहीत नसतं, त्याच्या हातात फक्त बोर्डिंग पासला चिकटवलेलं एक छोटं स्टिकर असतं.

माझी मावशी अमेरिकेहून लेकीकडनं परत आली. आधी आखातात विमान बदललं, मग मुंबई, मग चिकलठाणा म्हणजे आपलं संभाजीनगरचं विमानतळ, सगळं एकाच तिकिटावर. तिकडं काउंटरवर सांगितलं की बॅग थेट शेवटपर्यंत जाईल, टॅगवर पण आयएक्सयू म्हणजे आपल्या विमानतळाचा कोड छापलेला. पण बाहेरदेशातनं भारतात येताना साधारण नियम असाय की पहिल्या विमानतळावर, म्हणजे हिच्या बाबतीत मुंबईला, बॅग आपण स्वतः पट्ट्यावरनं उचलायची, कस्टममधनं न्यायची अन् पुढच्या विमानासाठी परत जमा करायची. हे तिला ना तिकडं कुणी सांगितलं ना मुंबईत. ती बिचारी बोर्ड बघत बघत पुढच्या विमानात जाऊन बसली अन् बॅगा मुंबईतच राहिल्या.

चिकलठाण्याला पट्टा थांबला, सगळे निघून गेले, मावशी तिथंच उभी. तिथल्या माणसानं चिठ्ठीवर कस्टमर केअरचा नंबर लिहून दिला अन् उद्या फोन करा म्हणाला. ती बाहेर आली. दुसऱ्या दिवशी मी फोन लावला तर पलीकडनं पहिला प्रश्न, पीआयआर नंबर सांगा. तो कुठला नंबर, आम्हाला कुणी दिलाच नव्हता. बॅगेत तिच्या बीपीच्या अन् शुगरच्या गोळ्या, डॉक्टरांचे कागद, नातवाचे फोटो लावलेला अल्बम. आठवडाभर फोन, मेल चालू होते, शेवटी बॅगा आल्या तर निरोप असा की घरपोच फक्त शहराच्या हद्दीत देतो, अंबडला येणार नाही, तुम्हीच येऊन घेऊन जा. एवढ्या वयाची बाई मग एसटीनं संभाजीनगरला गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पत्र एका कंपनीबद्दल नाही, ओळखीच्या अजून दोघा-तिघांना वेगवेगळ्या विमानांत हाच अनुभव आलाय.

तर हे पीआयआर म्हणजे बॅग आली नाही किंवा फुटून आली याचा विमानतळावरच लिहून द्यायचा रिपोर्ट. त्यावर एक नंबर असतो, आधी विमानतळाचा कोड, मग कंपनीची दोन अक्षरं अन् मग पाच आकडे. हा नंबर वर्ल्डट्रेसर नावाच्या जगभरच्या सिस्टिममध्ये जातो अन् तिथं हरवलेल्या बॅगांची माहिती मालक नसलेल्या बॅगांशी जुळवली जाते, रंग, प्रकार, टॅग नंबर, आत काय होतं सगळं. नंबर नसेल तर तुमची बॅग हरवलीये हे त्या सिस्टिमला माहीतच होत नाही. म्हणजे ज्या कागदावर सगळा शोध उभा आहे तोच कागद आपल्या माणसाला न देता घरी पाठवतात, अन् यालाच माझा विरोध आहे.

कारण कंपनीला बॅग कुठंय ते कळत नाही असं नसतं. टॅगवरच्या बारकोडखाली दहा आकडी नंबर असतो, त्यात विमान कंपनीचा कोड अन् त्या बॅगेचा अनुक्रमांक असतो. पट्ट्यांवरचे स्कॅनर तो वाचतात अन् कोणत्या विमानाकडं बॅग वळवायची ते ठरवतात, टॅग फाटला किंवा जुन्या प्रवासाचं स्टिकर तसंच राहिलं तर गोंधळ होतो अन् माणसाला हातानं बघावं लागतं. विमान कंपन्यांची जी जागतिक संघटना आहे आयाटा, तिचा ठराव क्रमांक ७५३ जून २०१८ पासून लागू आहे. काउंटरवर घेताना, विमानात चढवताना, एका विमानातनं दुसऱ्याकडं सोपवताना अन् शेवटी प्रवाशाला देताना, अशा चार ठिकाणी बॅगेची नोंद ठेवायची असं त्यात आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून प्रवासी अन् बॅग जुळवण्याचं काम होतंच, जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बनं पडलं, ३२९ माणसं गेली, तेव्हा बॅग विमानात चढलेली होती अन् ती देणारा माणूस चढलाच नव्हता. त्यानंतर जगभर हे जुळवणं कडक झालं. म्हणजे शेवटची नोंद कुठं झाली हे काउंटरवरच्या कॉम्प्युटरात बघता येतं, मग ते मावशीला तिथंच का सांगत नाहीत? 'तुमची बॅग मुंबईत आहे' एवढं एक वाक्य कळलं असतं तर ती रात्र तिनं रडून काढली नसती.

मोठ्या आकड्यांत बघितलं तर परिस्थिती सुधारलीये हे पण खरं. सिटा नावाची कंपनी दरवर्षी याचा हिशेब काढते, २००७ मध्ये दर हजार प्रवाशांमागं जवळपास १९ बॅगांचा घोळ होत होता, २०२४ मध्ये तो ६.३ वर आला. त्यातल्या बहुतेक बॅगा उशिरा का होईना मिळतात, कायमच्या जाणाऱ्या थोड्या. पण उशिराचं सगळ्यात मोठं कारण विमान बदलणं हेच आहे, अन् आपल्याकडनं बाहेरदेशी जायचं तर मुंबई, दिल्ली, हैदराबाद कुठंतरी बदलावंच लागतं, म्हणजे हा धोका आपल्या माणसालाच जास्त. त्यात उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसला गेला की हवा विरळ होते, विमानाला उडायला जोर कमी पडतो, मग वजन कमी करावं लागतं अन् काही बॅगा मागं ठेवून पुढच्या विमानानं पाठवतात. विमान जड करून उडवा असं कुणी म्हणत नाही, पण बॅग मागं ठेवली हे प्रवाशाला उतरायच्या आत मेसेज करून सांगता येतं की.

सरकारनं मनावर घेतलं की होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरोनं सात विमान कंपन्यांना सांगितलं की मोठ्या विमानतळांवर इंजिन बंद झाल्यापासून दहा मिनिटांत पहिली अन् तीस मिनिटांत शेवटची बॅग पट्ट्यावर आली पाहिजे. चांगलंच झालं. आता तेवढंच लक्ष न आलेल्या बॅगेकडं पण द्या.

पैशाचं पण लोकांना माहीत नाही. देशातल्या देशातल्या प्रवासात सामान हरवलं, खराब झालं तर कंपनीची जबाबदारी प्रवाशामागं २०,००० रुपयांपर्यंत आहे. परदेश प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागतो, भारत त्यात २००९ पासून आहे, त्यातली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) झाली, म्हणजे साधारण पावणेदोन-दोन लाखांच्या घरात, अन् ही जास्तीत जास्त मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. बॅग फुटून आली तर सात दिवसांत, उशिरा आली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, अन् एकवीस दिवस झाले तरी आलीच नाही तर हरवली म्हणून भरपाई मागता येते. बॅग येईपर्यंत गोळ्या, कपडे घ्यावे लागले तर त्या बिलांचे पैसे मागता येतात, बिलं फेकू नका. कंपनीनं दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा, अन् ग्राहक आयोगात जायला मुंबईला जायची गरज नाही, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार टाकता येते, फक्त दोन वर्षांच्या आत.

माझं मागणं एवढंच की चिकलठाणा अन् नांदेड दोन्हीकडं, बॅग न आलेल्या प्रत्येक माणसाला पीआयआर भरून त्याची कॉपी हातात द्यावी, फॉर्म मराठीत असावा अन् शेवटची नोंद कुठं झाली ते त्यावरच लिहावं. बॅग आली की ती तालुक्याच्या गावापर्यंत कंपनीनं स्वतःच्या खर्चानं पोचवावी, चूक तिची असताना म्हाताऱ्या माणसांनी एसटीच्या खेपा का घालायच्या. पट्ट्याजवळ एक मोठा मराठी बोर्ड लावावा, अन् ज्यांचं तिकीट बाहेरदेशातनं आपल्या गावापर्यंत आहे त्यांना विमानातच सांगावं की मुंबईत बॅग उचला.

अन् वाचणाऱ्यांना विनंती, घरातलं कुणी जाणार असेल तर बॅगेवरची जुनी स्टिकरं काढा, आत नाव अन् फोन नंबर लिहिलेला कागद टाका, बॅगेचा फोटो काढून ठेवा, गोळ्या, दागिने अन् कागदपत्रं हातातल्या पिशवीतच ठेवा, काउंटरवर मिळालेलं स्टिकर जपा, अन् बॅग आली नाही तर कुणी कितीही घाई केली तरी पीआयआर नंबर घेतल्याशिवाय त्या हॉलच्या बाहेर पाऊल टाकू नका.

संपादक साहेब, दोन्ही विमानतळांच्या अधिकाऱ्यांना आपल्या बातमीदारानं एकदा विचारावं की गेल्या वर्षभरात किती प्रवाशांना पीआयआर दिला अन् किती जणांना नुसता फोन नंबर देऊन पाठवलं. ते उत्तर पेपरात छापा.

आपला,
एक वाचक, अंबड, जि. जालना