चंद्रपूरहून आमचं घर आणणाऱ्या भाऊंना

भाऊ,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहू का, असं विचारायला फोन केला होता, पण तुम्ही गाडीवर होता. "ताई, मागून बोलतो" म्हणालात आणि ते राहूनच गेलं. मे महिन्यात चंद्रपूरहून नागपूरच्या मानेवाड्याला ४२ नग आणि एक म्हातारी आई घेऊन आलेल्या बाई, एवढ्यानं ओळख पटली तर ठीक. कूलरवाल्या ताई म्हटलं तर नक्की पटेल.

आधी माफी मागते. पॅकिंग चाललं होतं तेव्हा मी दोन दिवस तुमच्या माणसांच्या मागे मागे फिरत होते. पाणी द्यायच्या निमित्तानं यायचे आणि खोके मोजून जायचे. तुमच्या लक्षात आलं होतं, मला माहीत आहे.

त्याचं कारण जुनं आहे. तीन वर्षांपूर्वी अमरावतीहून चंद्रपूरला बदली झाली, तेव्हा ज्यांना काम दिलं त्यांनी फोनवर एक भाव सांगितला आणि सामान गाडीत चढल्यावर दुसरा. जवळजवळ दुप्पट. पैसे हातात पडल्याशिवाय माल उतरणार नाही म्हणाले. आई रस्त्याच्या कडेला गाठोड्यावर बसलेली आणि मी एटीएम शोधत फिरतेय. ना यादी, ना बिल्टी म्हणजे मालाची पावती. भांडणार कशाच्या जोरावर?

म्हणून तुम्ही सामान बघायला आलात तेव्हा मी मोबाइल काढून फोटोच घ्यायला लागले. दुसरा कोणी तोंड वाकडं करून गेला असता. तुम्ही म्हणालात, "ताई, कपाटाचा मागून पण घ्या. तिथं आधीचाच पोचा आहे, नाहीतर माझ्यावर येईल." मग बसून यादी केलीत, प्रत्येक वस्तूपुढे तिचा ओरखडा, तिचा हललेला पाय. तिसऱ्या मजल्याचे किती, लिफ्टमध्ये कपाट मावलं नाही तर किती, विमा घेतला तर किती, सगळं आधीच कागदावर. माझा संशय तुम्ही अंगाला लावूनच घेतला नाहीत, उलट तो कामाला लावलात. मला आभार मानायचे आहेत ते खरं तर याचे.

बाकी गोष्टीही तुमच्याकडूनच कळल्या. भरलेलं सिलिंडर गाडीत घेणार नाही, ते रेग्युलेटरसकट एजन्सीत जमा करून कागद घ्या, त्यावर नागपुरात नवं कनेक्शन मिळेल. वापरलेल्या घरसामानाला जीएसटीचं ई-वे बिल लागत नाही, पण यादी ड्रायव्हरजवळ हवीच. फ्रीज आदल्या रात्री बंद करून पुसून ठेवा.

आणि कूलर! मी म्हटलं, पत्र्याचं धूड आहे, टाका सगळ्यात आत. तुम्ही मान हलवलीत. "जे शेवटी चढते ते पहिले उतरते. नागपूरले काय लागन पहिले?" वरोरा, जाम, बुटीबोरी करत आम्ही दुपारी तीनला पोचलो तेव्हा खोल्या भट्टीसारख्या तापल्या होत्या. एकही खोकं वर जाण्याआधी खिडकीशी कूलरचा स्टँड लागला, ताट्या ओल्या झाल्या, पंप सुरू झाला. आई समोर खुर्ची टाकून बसली आणि अर्ध्या तासात तिथंच घोरायला लागली. उठल्यावर तिला फ्रीजचं पाणी हवं होतं. "मावशी, उभा आणला तरी आज रात्रीपर्यंत फ्रीज लावाचा नाही, कॉम्प्रेसरचं तेल बसू द्या," असं तुम्ही सांगितलंत. ती तुमचं ऐकते. माझं नाही.

गोदरेजचं कपाट लिफ्टमध्ये मावलं नाहीच. पट्टे लावून दोघांनी जिन्यानं चढवलं, प्रत्येक वळणावर थांबत.

आरशाचा कोपरा उडाला होता. मला दिसलाही नव्हता. सहीसाठी कागद पुढे केलात तेव्हा त्यावर तुमच्या अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: "आरसा, उजवा खालचा कोपरा तुटला." वर म्हणालात, सही करायच्या आधी सगळं बघून घ्या, नंतर विमावाले ऐकत नाहीत.

एक गोष्ट मात्र खटकते. तुम्हा चौघांना मिळून मी दोनशे रुपये चहापाण्याचे दिले. दमले होते, सुटे नव्हते, ही दोन्ही कारणं खरी असली तरी दोनशेच दिले. रविवारी या, जेवायला. चौघंही.

आरसा तसाच लावलाय. कूलरच्या डाव्या पायाखाली तुम्ही सरकवलेली पुठ्ठ्याची घडी अजून तिथंच आहे. पुढची बदली निघाली की फोन करीन. यादी या वेळी मीच करून ठेवते, तुम्ही फक्त पोचे तपासा.

तुमची,
कूलरवाली ताई