तुमचा मेकॅनिक पेट्रोलची बाटली घेऊन आला त्याबद्दल

प्रति,
सर्व्हिस विभाग / कस्टमर केअर

नमस्कार साहेब,

फोनवर तीनदा सांगून झालं, दर वेळी नवीन मॅडम आणि दर वेळी पहिल्यापासून, म्हणून आता लिहूनच देतो. मोठं झालंय पण पूर्ण वाचा.

मी भडगाव तालुक्यातला शेतकरी. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिवस आधी जळगावहून तुमच्या डीलरकडून तुमचा छोटा पेट्रोल पंप घेतला, दीड इंची, टू स्ट्रोक, ५२ सीसी, दोरी ओढून चालू करायचा. बिल आणि वॉरंटी कार्डचा फोटो सोबत आहे. हौस म्हणून नाही घेतला. आमच्याकडची डीपी (लाईटचा ट्रान्सफॉर्मर) जळाली होती, नवीन कधी येईल कोणी सांगत नव्हतं आणि केळी निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला लागलेली. ४४ डिग्रीत निसवत्या बागेला पाणी तुटलं तर काय होतं ते तुम्हाला एसीत बसून कळणार नाही, राहू द्या. शेततळ्यात पाणी होतं, तेवढं ओळीओळीनं देऊ म्हटलं.

दोन दिवस चालला, छान चालला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी सकाळी दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, इंजिन हूं की चूं करेना. कस्टमर केअरला लावला. मॅडम म्हणे, सर प्रायमिंग करा. आता आमच्याकडं प्रायमिंग म्हणजे पंपात पाणी भरणं, फुटबॉल (पाण्यातल्या पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व्ह) लीक असला की रोजचंच काम आहे ते, लहान पोराला विचारा. वरचा बोल्ट खोलला, काठोकाठ पाणी भरलं, दोरी ओढली, काही नाही. पुन्हा फोन. सर परत एकदा प्रायमिंग करा. परत पाणी. असं चारदा झालं साहेब! तिला म्हणायचं होतं कार्बोरेटरखालची ती पारदर्शक रबरी टोपी दाबा, टाकीतलं पेट्रोल वर ओढायला. दोन्ही गोष्टींना एकच शब्द, मशीन एकच, आणि पुस्तक अख्खं इंग्रजी, मराठी सोडा हिंदी पण नाही. पाणी भरलं नाही तर पंपाचं सील जळतं आणि ती टोपी दाबली नाही तर इंजिन उठत नाही, ही दोन वेगळी कामं आहेत हे तुम्ही कुठंच सांगत नाही.

मग मी स्वतः बघत बसलो. टोपी दाबली की पेट्रोल येतं पण सोबत बुडबुडे, वीसदा दाबा तीसदा दाबा, बुडबुडे काही थांबेनात. म्हणजे कुठून तरी हवा ओढतंय. बॅटरी मारून पाहिलं तर पेट्रोलची बारीक नळी टाकीच्या रबरात जिथं घुसते तिथंच तिला चीर होती, नखानं दाबली की तोंड उघडायची. नवीन मशीन, तिसरा दिवस! आता पंपावर सगळीकडं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि तुमच्या पुस्तकात लिहिलंय १० टक्क्यांच्या वर वापरू नका. मग शेतकऱ्यानं १० टक्केवालं आणायचं कुठून ते पण लिहा ना. चीर त्यानंच पडली असं मी म्हणत नाही, नळीच हलकी असेल. पण तुम्हाला हा प्रश्न पडायला पाहिजे होता.

ही चीर मी फोनवर सांगितली. तुम्ही मेकॅनिक पाठवला. खरी तक्रार आता सुरू होते.

तो दुपारी दीड वाजता आला. मी नळी दाखवली तर म्हणे, दादा ते राहू द्या, आधी चालू करून दाखवतो. एअर फिल्टर काढला आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलेलं पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात सरळ ओतलं. झाकणानं वगैरे नाही, बाटलीनंच. पायाखाली पण सांडलं. आमची माय ओट्यावरून ओरडली, "आते मरशी का रे भो? ठेव तो डब्बा खाले!" तिला टू स्ट्रोक काय फोर स्ट्रोक काय माहीत नाही, पण पेट्रोल काय ते माहीत आहे. हा हसला. बहीण आखाजीला आलेली, पोरांना सुट्ट्या म्हणून अजून माहेरीच होती, तर माझा १६ वर्षाचा भाचा मशीन दाबून धरून उभा. तुमच्या माणसानं डाव्या हातात बाटली तशीच ठेवून उजव्या हातानं दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिननं उलटा ठोका दिला आणि कार्बोरेटरच्या तोंडातून भप्पकन जाळ. बाटली फेकली त्यानं, ती नशिबानं लांब मातीत पडली. खाली सांडलेलं पेटलं. शेजारचा पोरगा पाण्याची बादली घेऊन धावला, त्याला मी शिवी देऊन थांबवलं, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. ओलं गोणपाट टाकलं, वरून माती टाकली, तेव्हा विझलं. भाच्याच्या हाताचे केस गेले, पंजाला दोन फोड आले, भुवई अर्धी जळाली. भुवई येईल म्हणा. पण बाटली त्याच्या अंगावर पडली असती तर मी बहिणीला काय तोंड दाखवलं असतं?

आणि तुमचा माणूस काय म्हणाला, तर "होतं असं कधीकधी."

नाही होत साहेब. जाळ अडवायला मधे फिल्टर असतो, तो त्यानं काढला होता. पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली ४० डिग्रीला पण पेट घेते, इथं तर ४४ होतं आणि दुपारचा दीड. ती वाफ हवेपेक्षा जड, उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत राहते. वरून ते पेट्रोल कोरं, टू स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणजे प्रत्येक ओतण्याला पिस्टन कोरडा फिरणार. हे मी एका साध्या शेतकऱ्यानं तुमच्या कंपनीच्या माणसाला सांगायचं?

जाताना आणखी एक अक्कल देऊन गेला. म्हणे विहिरीवर लावायचा असेल तर मशीन खाली उतरवून पायरीवर ठेवा. आमच्या विहिरीचं पाणी ३५ फुटावर, पंप २०-२२ फुटाच्या वर ओढत नाही हे खरं, पण पेट्रोल इंजिनचा धूर विहिरीत साचतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही रंग नाही, खाली उतरलेला माणूस बसल्या जागी गुंगतो. हा सल्ला त्यानं अजून किती जणांना दिलाय ते आधी शोधा.

नळी मी शेवटी स्वतःच बदलली, ४० रुपयांची. मशीन आता चालतं. मिक्स केलेलं पेट्रोल हलवून घेतो, पेट्रोल भरलेल्या जागेपासून मशीन दहा पावलं लांब नेतो, टोपी बुडबुडे संपेपर्यंत दाबतो, आठ-दहा वेळा पुरे होतं. चोक बंद, म्हणजे हवेची वाट बंद, दोरी हळू ओढून जिथं अडते तिथून झटका. पहिला खोकला आला की चोक उघडायचा, लोक इथंच चुकतात, चोक बंद ठेवून ओढत बसतात आणि इंजिन ओव्हर होतं, म्हणजे आत पेट्रोल जास्त साचतं. ओव्हर झालंच तर स्विच बंद, प्लग काढून पुसायचा, चोक उघडा आणि रेस फुल ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढायची, आतलं जास्तीचं निघून जातं. तेव्हा प्लगच्या भोकासमोर ठिणगी बघत बसायचं नाही, भोकातून वाफच येत असते. गरम इंजिनला चोक लावायचा नाही. एवढंच आहे सगळं! हे एका पानावर मराठीत छापून टाकीवर चिकटवायला तुम्हाला किती खर्च येतो?

आता वॉरंटीचं. तुमचं उत्तर आलं की ग्राहकानं ऑइलचं प्रमाण चुकीचं ठेवलं म्हणून क्लेम नामंजूर. फोटो बघा. पुस्तकात २५:१ आहे, म्हणजे लिटरला ४० मिली. टाकीवरच्या तुमच्याच स्टिकरवर ४०:१, म्हणजे लिटरला २५ मिली. मी पुस्तकाप्रमाणं टाकलं. चूक कोणाची? आणि प्रमाणाचा नि नळीच्या चिरेचा संबंध काय?

माझं म्हणणं सरळ आहे. नळी, कार्बोरेटर आणि सिलिंडर तुमच्या खर्चानं तपासून द्या, कोरं पेट्रोल आत गेल्यामुळं पिस्टनवर ओरखडे आले असतील तर तो पण बदला. भाच्याच्या दवाखान्याची बिलं जोडली आहेत, ती भरा. बाटलीतून पेट्रोल ओतणं तुमच्या सर्व्हिसवाल्यांसाठी लेखी बंद करा आणि त्या पत्राची कॉपी मला पाठवा. त्या पोराला नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाही, त्याला कोणी नीट शिकवलंच नसणार.

पंधरा दिवस थांबतो. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आणि जळगावला जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सूचना आणि धोक्याचा इशारा नीट न दिल्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर पण आहे आणि सर्व्हिस देणाऱ्यावर पण, आणि ५ लाखापर्यंतच्या मालाला तिथं फी पण लागत नाही, हे मी वकिलाला विचारून घेतलंय.

माणूस पाठवणार असाल तर सकाळी दहाच्या आत पाठवा, दुपारी नको. येताना नळी आणि रबर आणू दे. बाटली आणली तर बांधावरूनच परत पाठवीन.

आपला,
तुमचा पंप घेतलेला एक गिऱ्हाईक