ट्रोम्सोला उणे 30? कुठून आणलं हे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरावरचा लेख सध्या आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर फिरतोय. फोटो झकास आहेत, वादच नाही, पण "उणे 30 ची हाडं गोठवणारी थंडी" वाचून सगळे हसत सुटले. मी इथे नोकरीनिमित्त राहते, आणि पुण्या-मुंबईहून कोणी यायचं असलं की पहिला फोन थंडीबद्दलच येतो, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

ट्रोम्सो जवळजवळ 70 अंश उत्तरेला आहे, आर्क्टिक सर्कलच्याही साडेतीनशे किलोमीटर वर, ते खरंय. पण जानेवारीचं सरासरी तापमान असतं उणे 3-4, आणि उणे 20 म्हणजे शहरात अगदी रेकॉर्डच्या घरातली गोष्ट. उलट सायबेरियातलं याकुत्स्क 62 अंशावर, इथून कितीतरी दक्षिणेला, पण तिथे जानेवारीत सरासरीच उणे 37-38! सगळी करामत समुद्राची. अटलांटिकचं कोमट पाणी नॉर्वेचा किनारा धरून वर येतं, त्यामुळे इथलं बंदर भर हिवाळ्यातही गोठत नाही आणि समुद्रावरून वारा सुटला की जानेवारीत चक्क पाऊस पडतो. मुंबईत स्वेटर कपाटातच राहतो आणि तिकडे निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात ना, तसंच. आमचं निफाड म्हणजे काराशोक, अक्षांश साधारण ट्रोम्सोचाच पण समुद्रापासून आत, तिथे 1886 मध्ये उणे 51.4 नोंदलं गेलं, नॉर्वेचा रेकॉर्ड आजही तोच.

त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टींचा. दुपारी पारा शून्याच्या वर जातो, पाऊस पडतो, रस्त्यावरचा बर्फ वितळतो आणि रात्री तेच पाणी गोठतं, मग सकाळी फुटपाथवर उभं राहायची चोरी. इथले लोक बुटाखाली खिळ्यांचे रबरी पट्टे चढवतात, सुपरमार्केटमध्येही मिळतात. आपली मंडळी येतात उणे 40 चं महागडं जॅकेट घालून आणि पायात साधे स्नीकर्स! जॅकेट एक वेळ कमी जाड चालेल पण वॉटरप्रूफ पाहिजे, हे कोणी सांगतच नाही.

दुसरं म्हणजे ढग. "नॉर्दर्न लाईट्स (रात्री आकाशात नाचणारे ते रंगीत प्रकाशाचे पट्टे) गॅरंटीड" असं छापणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. ज्या समुद्रामुळे थंडी कमी त्याच समुद्रामुळे आकाश भरलेलं, त्यामुळे इथले गाइड लोकांना गाडीत घालून शिबोटन गावाकडे नाहीतर थेट फिनलंडच्या हद्दीत नेतात, कारण ल्युंगनचे डोंगर ढग अडवतात आणि पलीकडे हवा कोरडी. दोन रात्रींचं पॅकेज घेतलं तर सरळ नशिबावर सोडा, निदान चार-पाच रात्री तरी हव्यात.

आणि हो, "दोन महिने मिट्ट काळोख" हेही अर्धंच खरं. 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी सूर्य उगवत नाही (डोंगरांमुळे शहरात दिसतो 21 जानेवारीच्या सुमारास, तेव्हा सगळं गाव गोड बन खातं) पण आभाळ साफ असेल तर दुपारी काही तास निळसर उजेड असतो, आणि खाली बर्फ असला की छान दिसतं सगळं. बर्फाचं म्हणाल तर तो जायचं नाव घेत नाही, 29 एप्रिल 1997 ला इथे 240 सेंटीमीटर बर्फ मोजला होता, तुमच्याकडे आंबे सुरू असतात तेव्हा! मला विचाराल तर मार्चमध्ये या, दिवस मोठा, बर्फ भरपूर आणि रात्री अजूनही अंधार असतो.

शेवटचं, मे महिन्याच्या सुट्टीत नॉर्दर्न लाईट्स दाखवतो म्हणणारा एजंट आमच्या एका नातेवाइकांना भेटला होता. मे महिन्यात इथे रात्री अंधारच पडत नाही हो, 20 मेच्या सुमारास तर सूर्य मावळायचाच थांबतो, लाईट्स दिसणार कुठून. पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती जमली तर छापा, हिवाळ्याची बुकिंगं आत्ताच सुरू झाली असतील.

आपली,
एक वाचक, ट्रोम्सो (नॉर्वे)