फेल गेलेल्या बोअरचे तोंड मालकानेच बुजवायचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उघड्या बोअरमध्ये मूल पडले की बचावकार्याची बातमी चालते. रान कोणाचे, हे कोणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जमीनमालकाची जबाबदारी २०१० मध्येच ठरवून दिली आहे. बोअर घेण्याआधी १५ दिवस सरपंच वा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, काम चालू असताना कुंपण आणि फलक लावायचा. केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या तोंडात बसवलेल्या पाइपाभोवती, अर्धा मीटर लांब-रुंद काँक्रीटचा ओटा हवा, ३० सेंमी जमिनीत आणि ३० सेंमी वर. त्याला सिमेंटची साधारण एक गोणी लागते! पाइपावर वेल्डिंगने पोलादी पत्रा किंवा नटबोल्टचे झाकण हवे. पीव्हीसी केसिंगला वेल्डिंग होत नाही, तिथे नटबोल्टच. मोटार दुरुस्तीला काढली तरी तोंड उघडे ठेवायचे नाही. ‘पोर न विचारता रानात शिरले’ म्हटल्याने यातले काहीच टळत नाही. निष्काळजीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

खरा घात पाणी न लागलेल्या बोअरवर होतो. पुढच्या बोअरला वापरता यावे म्हणून केसिंग उपसून नेतात. वरचा माती-मुरमाचा भाग मोठ्या व्यासाने खोदलेला असतो. आधार गेला की काठ ढासळून तोंड नरसाळ्यासारखे होते. त्यावर गोणपाट आणि धोंडा. पावसाळ्यात गोणपाट कुजते, गवत वाढते, भोक दिसतच नाही.

भरतानाही चूक होते. ओली माती किंवा मोठे दगड मध्येच अडकतात. वरून बोअर भरलेला दिसतो, पण जोराच्या पावसात भराव खाली जातो. म्हणून दोरीला वजन बांधून आधी खोली मोजावी, कोरडी वाळू आणि बारीक खडी थोडी थोडी सोडावी, मध्ये मध्ये पुन्हा दोरी टाकावी. साडेसहा इंची, ३०० फुटी बोअरला साधारण ७० घनफूट माल लागतो, पाऊण ब्रासही (ब्रास म्हणजे १०० घनफूट) नाही. त्याहून बराच कमी लागला, तर मध्ये पोकळी राहिली आहे. पहिल्या पावसानंतर खचलेला भाग पुन्हा भरावा.

चालू, बंद आणि बुजवलेल्या बोअरची गावनिहाय नोंद ठेवणेही त्याच निर्देशांत आहे. उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या गावात शिरण्याआधी ग्रामसभेत ती गट नंबरासह वाचावी आणि ज्याचा बोअर उघडा, त्याला तिथेच लेखी नोटीस द्यावी.

– एक वाचक, जि. बीड