जुगाराचे कर्ज एकरकमी फेडू नका

संपादक महोदय,

गोव्यात जुगाराचा विषय निघाला की बोलणे मांडवीतल्या कॅसिनोंवर येऊन थांबते. तिथे गोमंतकीयांना फेब्रुवारी २०२० पासून प्रवेशबंदी आहे. आमच्या वाड्यांवरची घरे बुडतात ती मटक्याने, जत्रेतल्या पटाने (पट मांडून चालणाऱ्या जुगाराने) आणि मोबाइलवरच्या जुगाराने.

मटक्याचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. शून्य ते नऊ असे आकडे दहा, लावलेला आकडा लागला तर पैसे साधारण नऊपट. म्हणजे आकडा सचोटीने निघतो असे धरले तरी शंभरातले दहा रुपये सरासरीने जातातच. पण माणूस खरा बुडतो तो गेलेले वसूल करायला रक्कम दुप्पट करत जाण्याने. शंभर, दोनशे, चारशे असे चढत गेल्यास सहाव्या डावापर्यंत ६,३०० रुपये लावून झालेले असतात, आणि सलग सहा वेळा आकडा हुकण्याची शक्यता ५३ टक्के आहे. ‘बरेच दिवस आला नाही, आता येणारच’ म्हणणाऱ्याला कोणीतरी हे सांगायला हवे, की कालच्या आकड्याचा आजच्याशी काही संबंध नसतो.

जत्रेत पटावर बसणारच असाल तर घालवायला परवडेल तेवढीच रोकड खिशात ठेवा, फोन घरी ठेवा, दारू पिऊन बसू नका, उसने घेऊन तर मुळीच नको. हे ठरवूनही पुन्हापुन्हा मोडत असेल, खेळल्याबद्दल घरात खोटे बोलावे लागत असेल, तर मर्यादा घालण्याची वेळ गेली. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

घरच्यांची नेहमीची चूक म्हणजे दागिने गहाण टाकून सगळे देणे एकदम फेडणे. डोक्यावरचा भार उतरला की उधारी पुन्हा मिळू लागते आणि खेळ पुन्हा सुरू होतो. आधी सगळ्या देण्यांची लेखी यादी करा. पहिल्या दिवशी ती कधीच पूर्ण नसते, आठवड्याने पुन्हा विचारा. बँक, सोसायटीचे कर्ज हप्त्यांनी फेडावेच लागते. पैजेतले देणे मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार कोर्टातून वसूल करता येत नाही. धमक्या आल्या तर पोलिसांत जा. पगाराचे खाते, एटीएम कार्ड काही महिने घरातल्या विश्वासू माणसाकडे, खेळणाऱ्याच्या संमतीने, द्या. कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अॅपमधून बंद करता येतात, यूपीआयची मर्यादाही कमी करता येते. पैशांवरचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले आहेत. तरी कोणी लिंक पाठवून फसवलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. तासाचा उशीरही महागात पडतो.

उपचारासाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, रात्री दोनलाही लागतो, आणि रुग्ण तयार नसेल तर बायकोने किंवा आईने केला तरी चालतो. प्रत्यक्ष भेटायचे तर बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तणूक संस्था आहे. सोबत दारूचे व्यसन किंवा उदासी असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण एकाच आजारावर औषध घेऊन दुसरा बरा होत नाही. ‘आता जगून काय’ असे शब्द तोंडून निघाले तर माणसाला एकटे सोडू नका आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा.

आपल्याला एकच विनंती: जत्रांच्या मोसमात पहिल्या पानावर, रोज, १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत छापावा.

व्यसनमुक्तीचे काम करणारे काही कार्यकर्ते,
फोंडा