उन्हाळी फॅशनच्या पानावर कापड कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतली उन्हाळी फॅशनची दोन पानं दुकानात बसून वाचली. फोटो छान आहेत. पोरींसाठी पिस्ता रंगाचा को-ऑर्ड सेट (वर-खाली एकाच कापडाचा जोड), कफ्तान, चिकनकारीचा कुर्ता, ढगळ प्लाझो. पोरांसाठी क्यूबन कॉलरचा शर्ट आणि सैल पँट. यंदा ‘बटर यलो’ चालणार म्हणे. आमच्या दुकानात हाच रंग वर्षानुवर्षं ‘क्रीम’ म्हणून मागितला जातो, पण ते असो. प्रत्येक फोटोखाली रंग आहे, किंमत आहे, कशासोबत घालायचं तेही आहे. कापड कोणतं, हे मात्र एकाही फोटोखाली नाही. फक्त एका शर्टाखाली ‘लिनन लूक’ असं छापलंय आणि त्या ‘लूक’साठीच मी हे पत्र लिहायला घेतलं.

मी नागपुरात महाल भागात सव्वीस वर्षं शिवणकाम करते. त्याआधी आयटीआयमध्ये कटाई-शिवणाचा कोर्स केला. पुरवणी आली की सोमवारी तिची कात्रणं माझ्या कटिंग टेबलावर येतात. आता कात्रणं कमी आणि मोबाइलमधले फोटो जास्त, एवढाच फरक. “काकू, अस्संच पाहिजे,” म्हणत पोरी येतात. तुम्ही छापता ते आमच्याकडे शिवलं जातं, म्हणून हक्कानं बोलते.

मागच्या एप्रिलमध्ये एक मुलगी आली. बँकेत नोकरी, रोज स्कूटीवर जाणं-येणं. ऑनलाइन मागवलेला ‘लिनन’ को-ऑर्ड सेट घेऊन आली होती. काखेत काचतो, तिथे पुरळ आलंय, जरा सैल करून द्या म्हणाली. मी शिवण उलटून पाहिली. कुर्त्याच्या डाव्या कुशीत, आतल्या बाजूला, नखाएवढी चिठ्ठी असते, तिच्यावर शंभर टक्के पॉलिस्टर असं लिहिलेलं. पोरगी मानेना. तिनं मोबाइल काढून ऑर्डर दाखवली. तिथे मोठ्या अक्षरात ‘लिनन’ आणि त्याला चिकटून बारीक अक्षरात ‘फील’. दुकानदार खोटं बोलला असं म्हणता येत नाही, आणि खरं बोलला असंही नाही. काखेत दोन बोटं सैल करून दिली, पण त्या पुरळाला मापाचा काय संबंध?

लिनन ओळखू येतं ते त्यातल्या गाठाळ धाग्यामुळे. सूत कुठे जाड, कुठे बारीक. तसाच जाड-बारीक धागा आता पॉलिस्टरमध्ये काढतात. लांबून पाहिलं तर भलेभले फसतात. खरं लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. हे सांगितलं की गिऱ्हाइकं हसतात, कारण विदर्भात जवस म्हटलं की चटणीच आठवते. आपलं जवस तेलासाठी पेरलेलं, बुटकं. धाग्याचं जवस वेगळ्या वाणाचं, उंच वाढणारं. त्याचा कच्चा तंतू आपल्याकडे मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडून येतो, म्हणून खऱ्या लिननचा शर्ट महाग पडतो. त्यातून सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या कपड्याला १८ टक्के जीएसटी आणि त्याखालच्याला ५. मग सातशे-आठशेत ‘लिनन’ मिळतंय म्हटल्यावर माणूस चिठ्ठी कशाला उलटून पाहील?

कोर्सला असताना आम्हाला एक तक्ता पाठ करायला लावला होता, तो अजून तोंडपाठ आहे. नेहमीच्या दमट हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस साडेआठ ग्रॅम ओल धरतो, लिनन बारा, रेयॉन तेराच्या आसपास. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा धरत नाही. घाम शोषला नाही की तो अंगावरच राहतो, ओली कातडी शिवणीशी घासते आणि पुरळ येतं. खेळाडूंचे पॉलिस्टरचे कपडे चालतात ते त्यांचं विणकामच जाळीदार आणि घाम बाहेर ओढणारं असतं म्हणून. बिनजाळीच्या घट्ट विणीच्या को-ऑर्ड सेटला तो न्याय लावू नका. आणि हे नागपूर आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की कूलरसमोर बसूनही पाठ ओली राहते.

रेयॉनची उगीच बदनामी होते, तेही सांगून टाकते. ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं, अंगाला थंड लागतं, घाम पितं. दोष एवढाच की ओलं असताना कमजोर होतं आणि पहिल्या धुण्यात आटतं. माहीत असेल तर माणूस अर्धा मीटर कापड जास्त घेईल, न भिजवता शिवायला टाकणार नाही. पण कापडाचं नावच छापलं नाही तर त्याला हे कळणार कसं?

आता अस्तराचं. पुरवणीतला तो चिकनकारीचा कुर्ता मला फार आवडला, मलमलचा असावा. मलमल पारदर्शक, म्हणजे आत अस्तर आलंच. तयार कुर्त्यात हे अस्तर बहुतेक वेळा क्रेपचं निघतं, आणि बाजारातलं स्वस्त क्रेप म्हणजे पॉलिस्टर. वर दोन हजारांचं मलमल, अंगाला चिकटलेलं पॉलिस्टर! बाईला वाटतं आपण सुती घातलंय. कारखान्यांना क्रेप आवडतं कारण ते आटत नाही, मशीनखालून घसरत पटापट शिवलं जातं. सुती अस्तर आदल्या रात्री भिजवावं लागतं, सकाळी सावलीत वाळवून इस्त्री करावी लागते, तेव्हा कुठे कात्री लावता येते. तसं केलं नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर वर चढतं आणि कुर्त्याचा घेर गोळा होतो. आमच्यातलेही पुष्कळजण कंटाळा करतात. सणासुदीच्या घाईत मीही केला आहे, कबूल करते. ब्लाउजच्या टू-बाय-टूचंही तसंच झालंय. पूर्वी टू-बाय-टू म्हटलं की दुपदरी सुताचं कापड, विचारायची गरज नव्हती. आता त्याच नावाखाली मिश्र कापड मिळतं आणि मॅचिंगच्या दुकानात रंग जुळला की बाई खूश.

एक उपाय मात्र फुकट आहे. कपड्याच्या दुमडीतून दोन धागे ओढा, चिमट्यात धरून मोरीत काडी लावा. कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख आली तर सुती, लिनन किंवा रेयॉन. आकसून काळा टणक मणी झाला तर पॉलिस्टर. मिश्र कापडात दोन्ही थोडं थोडं दिसतं. अस्तराचा धागा वेगळा जाळून बघा.

पुरुषांच्या पानाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. माझ्या वडिलांच्या पिढीनं टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाच्या, पँटी हौसेनं घातल्या, कारण इस्त्री मोडत नव्हती. आता त्यांची नातवंडं तेच कापड ‘रिंकल फ्री’ म्हणून घेतात. सुती कापड चुरगळतं आणि सकाळी इस्त्रीला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. पण गंमत बघा, आमच्याकडचा तोच माणूस डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळतो तेव्हा तो सुतीच लागतो. पॉलिस्टरचा दुपट्टा उन्हात बांधून फिरणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

आणि संपादक महाराज, या शहरात उन्हाळ्यात बाया सगळ्यात जास्त जे वापरतात ते तुमच्या दोन पानांत कुठेच नाही. सनकोट, म्हणजे ऊन लागू नये म्हणून कपड्यांवरून घालायचा कोट! सकाळी दहाला कुठल्याही चौकात सिग्नलला उभं राहून मोजा. सनकोट, स्कार्फ, हातमोजे. डोळे सोडून काही दिसत नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून मी तीन-चार डझन सनकोट शिवते. त्याचीही फॅशन असते. आधी नुसता पांढरा कोट असायचा, मग टोपी आली, मग बाही बोटांपर्यंत लांबवून अंगठ्याला काज पाडायची टूम निघाली. दोन वर्षांपासून पोरींना आतून मोबाइलचा खिसा लागतो आणि अजरखच्या छाप्याचं कापड. गेल्या वर्षी एका पोरीनं आईच्या जुन्या नागपुरी सुती साडीचा सनकोट शिवून घेतला. काठ बरोब्बर मनगटाशी आणला मी. त्यानंतर तशाच सहा ऑर्डरी आल्या. याला ट्रेंड नाही तर काय म्हणायचं? त्या पोरींचे फोटो छापा की.

पुरवणी बंद करा असं माझं म्हणणं नाही, सोमवारी माझंच काम कमी होईल. एवढंच करा, फोटोखाली किमतीच्या शेजारी दोन शब्द जास्त टाका, वरचं कापड काय आणि अस्तर काय. ‘लूक’ आणि ‘फील’ हे शब्द दिसले तर ज्यांनी कपडे पाठवले त्यांना कापडाचं नाव विचारा. सांगत नसतील तर तो फोटो नका छापू.

बँकेतली मुलगी या आठवड्यात परत आली होती. या वेळी गांधीबागेच्या कापडबाजारातून स्वतः मलमल घेऊन आली, आणि त्याआधी मला फोनवर विचारून सुती अस्तरही. शनिवारी द्यायचंय. अस्तर आत्ता बादलीत भिजतंय.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
महाल, नागपूर